जपानी बाण आणि माझं गाऱ्हाणं

आमच्या कंपनीने मला कशासाठी ठेवलंय ते मला अजून नक्की कळलेलं नाही. कंपनी इव्हेंटची. कुणाचं लग्न, कुणाच्या नव्या गाडीचं लाँचिंग, कुठल्या मॉलचा फेस्टिवल. स्टेज बांधायचं, खुर्च्या लावायच्या, संपलं की सगळं सोडून ट्रकमध्ये भरायचं. माझ्या व्हिसावर कारपेंटर लिहिलंय. गावाला मी जन्मात एक पाट केला होता. त्यावर बसलं की माणूस आपोआप उजवीकडे वळायचा. आईने तो शेवटी गोठ्यात नेला. म्हैस उजवीकडेच बांधलेली असायची, म्हणून तिथे बरा पडला.

तर मागच्या थंडीत एक दिवस सुपरवायझर सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "जापान से लोग आ रहा है. रॉकेट बनाएगा, हाथ से. बांबू का काम है. किसको आता है?"

सुपरवायझर केरळचा. इथे शारजातच अल मजाजला फॅमिली घेऊन राहतो. तिथून निघाला की जाममध्येच अर्धा दिवस जातो, त्यामुळे साइटवर पोचतो तेव्हा आधीच कुणालातरी ओरडायच्या तयारीत असतो. आता काही केल्या कुणी हात वर करेना. मग मी केला. का केला, विचारू नका. माझा हात असाच आहे, डोक्याला न विचारता वर जातो.

आमच्या पिकअपचे ड्रायव्हर रत्नागिरीकडचे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, तुला बांबूचं काम कधीपासून येतं?"

मी म्हटलं, "चाचा, आमच्या घरामागे बांबूचं बेटच आहे."

"घरामागे बांबू म्हणून बांबूवाला झालास? मग माझ्या घरासमोर समुद्र आहे, मी काय होडी झालो?"

मला वाटलं होतं रॉकेट म्हणजे आपला दिवाळीचा बाण. बाटलीत उभा करायचा, वात पेटवायची, पळायचं. फार तर थोडा मोठा असेल. साइट शारजाच्या बाहेर, वाळवंटात. तिथे गेलो तर तीन म्हातारे जपानी आणि एक पोरगी, आणि मध्ये एक लाकूड पडलेलं, माझ्या मांडीएवढं जाड. पोरगी म्हणाली, "भैया, ये रॉकेट है."

पोरगी जपानी, पण वाढलेली दुबईतच. अल बर्शाला राहते. हिंदी ती टॅक्सीवाल्यांकडून शिकलीय, त्यामुळे अशी बोलायची की ऐकताना वाटायचं आता मीटर टाकेल. म्हाताऱ्यांचं बोलणं आम्हाला आणि आमचं त्यांना सांगायला तिला आणलेली.

तिघांत जे मोठे होते त्यांना ती ओजीसान म्हणायची. म्हणजे आजोबाच. म्हणून आम्हीपण आजोबा म्हणायला लागलो. बाकीच्या दोघांतला एक वातीचा कारभारी, आणि दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर बाणांशेजारी उभा राहिल्यावर दुसरं काय होणार.

आजोबांच्या गावाला दरवर्षी देवळाच्या उत्सवात हे असले बाण सोडतात. गावात टोळ्या आहेत, एकेका टोळीचा एकेक बाण. पाइनचं लाकूड मधोमध चिरतात, दोन्ही फाका आतून कोरून परत जोडतात, म्हणजे झाली नळी. ती फुटू नये म्हणून तिच्यावर बांबूच्या विणलेल्या कड्या ठोकून बसवतात. आत दारू ठासून भरायची, खालून भोक पाडायचं. आणि मग त्याला शेपटी म्हणून एक लांबलचक अख्खा बांबू बांधायचा. शेपटीच्या वजनावर बाण सरळ जायचा की कुणाच्या घरात जायचा ते ठरतं. वर गेल्यावर त्याच्यातून कागदाच्या छत्र्या सुटतात, आणि रिकामी नळी शेपटीसकट पॅराशूटने खाली येते. आणि हे सगळं हाताने. यंत्र कुठेच नाही.

पहिल्या दिवशी आजोबांनी मला एक कडी विणायला दिली. मी विणली. आजोबांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि पोरीला काहीतरी विचारलं.

पोरगी म्हणाली, "ओजीसान पूछ रहे हैं, ये टोपी है क्या?"

चाचा लांबूनच म्हणाले, "टोपी नाय, चुंबळ आहे ती. हंडा ठेव डोक्यावर, शोभेल."

त्यानंतर मला फक्त उचलायची कामं. दारू भरायच्या जागी तर मला येऊच दिलं नाही. ते काम परवानेवाल्या फटाका कंपनीच्या आवारात, जाड भिंतीमागे. गेटवर सगळ्यांचे खिसे तपासले. माझ्या खिशात निघाला लायटर. मी बिडी ओढत नाही. लायटर टॉर्चवाला होता म्हणून ठेवलेला. पण हे अरबी सिक्युरिटीला कसं समजावणार? मी म्हटलं, "हबीबी, टॉर्च, टॉर्च," आणि पेटवून दाखवायला गेलो. चुकीचं बटण दाबलं. त्या दिवशी मी गेटपासून एवढ्या लांब बसलो होतो की दारू ठासायचा ठक ठक आवाजसुद्धा उशिराने यायचा.

जेवायला मात्र आम्ही सगळे एकत्र. एक दिवस डाळभात खाता खाता पोरीने सांगितलं की आजोबा रात्री झोपत नाहीत.

"का?"

"गाँव में इनका पिछला रॉकेट टॉवर पे ही अटक गया. उसके पहले वाला फट गया. उसके पहले वाला साइड में गया, पुलिस की गाड़ी में."

"अंदर?"

"अंदर."

गावातल्या कमिटीने सांगून ठेवलं होतं. इथला बाण नीट गेला तर ठीक. हापण पडला, तर पुढच्या वर्षीपासून बाण सोडायच्या मचाणावर आजोबांच्या टोळीची पाळी बंद, ती जागा तरण्या पोरांना. सगळं गाव मोबाइलवर लाइव्ह बघणार होतं. आणि इथे परमिशन एकाच बाणाची. फायरवाल्या साहेबाने स्पष्ट सांगितलेलं, एक उडवा नाहीतर एक पाडा, दुसरा नाही.

आजोबा भातातली मिरची बाजूला काढत होते. मान खाली. मला एकदम आमच्या गावच्या क्रिकेट टीमच्या कॅप्टनची आठवण झाली. तोपण असाच जेवायचा, फायनलच्या आदल्या दिवशी. मी मनात म्हटलं, ह्या माणसासाठी आपण काहीतरी करायचं.

आणि केलंच.

शेपटीचा बांबू आजोबांनी शारजातल्या एका लाकडाच्या वखारीतून निवडला होता. अख्खा दिवस एकेक बांबू उचलून कानाला लावून ठोकत होते, कलिंगडं घेतात तसे. सगळ्यात सरळ होता तो घेतला. तो साइटवर न्यायचं काम माझ्यावर आणि चाचांवर. बांबू पिकअपमध्ये घातला तर मागे एवढा बाहेर आला की पुढचा सिग्नल आम्ही ओलांडला तरी बांबू अलीकडेच राहिला असता.

चाचा म्हणाले, "पोलिसाने बघितलं तर फाइन मारेल. मी दोरी आणि लाल फडकं घेऊन येतो. तू हात लावू नकोस."

चाचा गेले. मी एकटा. समोर बांबू. बाजूला करवत. माझ्या डोक्यात विचार आला की टोकाकडचा भाग बारीक आहे, वाकडा आहे, काही कामाचा दिसत नाही. आपण मांडवाला खांब घालतो तेव्हा टोक कापतोच की. व्यवस्थित मापून हातभर कापला. उभ्या आयुष्यात एवढा सरळ काप माझ्या हातून पहिल्यांदाच गेला असेल.

चाचा लाल फडकं घेऊन आले. एकदा बांबूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"काय केलंस?"

"ॲडजस्ट केला."

चाचांनी ते लाल फडकं हळूच माझ्या खांद्यावर टाकलं. "आता हे तूच बांध. आजोबांना लांबून दिसलं पाहिजे, कुणाला मारायचं ते."

आजोबा ओरडायला लागले ते दुपारी. जपानी भाषेत शिव्या नाहीत असं मला कुणीतरी सांगितलं होतं. तो माणूस खोटारडा. पोरगी सुरुवातीला सांगत होती, "ओजीसान बोल रहे हैं आप…" मग ती थांबली. मग म्हणाली, "भैया, ये मेरे को हिंदी में नहीं आता." आजोबा मला ओरडून दमले की बांबूला ओरडायचे, बांबूला ओरडून झालं की परत मला. बहिऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा त्या दिवशी ऐकू आलं. तो वळून म्हणाला, जरा हळू.

दुसरा बांबू आणायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी बाण सोडायचा होता. मग आजोबांनीच माझं कापलेलं टोक परत जागेवर लावलं, चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलं. मोडलेल्या पायाला कसं बांधतात, तसं. बाण दोरीला मधोमध टांगून तोल बघितला. हलला, हलला, आणि आडवा स्थिर राहिला. आजोबांनी मान हलवली. पण डोळ्यांत दिसत होतं की भरवसा नाही. वर त्या धुरात ते बांधलेलं टोक टिकलं तर टिकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं तयार. उंच मचाणावर बाण टांगलेला, शेपटी खाली लोंबतेय. लांब दोरीपलीकडे पाहुणे, सोफे, खजूर, कॉफी. आमची गँग वाळूच्या पोत्यांमागे. त्यांत चार-पाच जण माझ्यासारखे मालवण-कणकवलीकडचेच. आजोबांना मचाणावर त्यांची प्यायची दारू शिंपडायची होती, रीत आहे म्हणे. पण शारजात दारूबंदी, कसली दारू? चाचांनी आपलं लबानचं पाकीट पुढे केलं. लबान म्हणजे इथलं ताक. आजोबांनी वास घेतला, खांदे उडवले, आणि ताक शिंपडलं.

मग पोरगी धावत आली. चेहरा पांढरा.

"ओजीसान की आवाज गई!"

झालं असं, की बाण सोडण्याआधी टोळीच्या माणसाने बाजूच्या छोट्या मचाणावर चढून पुकारा करायचा असतो. हा बाण कुणी केला, कशासाठी केला, बघा हो बघा. पुकारा झाल्याशिवाय वात पेटवत नाहीत. म्हणजे नाहीच. आणि तो पुकारा करायचे आजोबा. आजोबांनी तोंड उघडलं तर आतून फक्त हवा आली. सगळा आवाज आदल्या दिवशी माझ्यावर खर्च झालेला.

वातीवाला म्हातारा वात सोडून येऊ शकत नाही. बहिऱ्याला शब्द पाठ नाहीत. पोरीचा आवाज असा की शेजारच्या खुर्चीला ऐकू येणार नाही. माइक चालणार नाही, दारूजवळ वायर नको म्हणून फायरवाल्या साहेबाने जनरेटरच बंद ठेवलेला. साहेब घड्याळ बघत होता. संध्याकाळ झाली की परमिशन संपणार.

सुपरवायझरने गँगला विचारलं, "सबसे बड़ा आवाज किसका है?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. एकालाही विचार करावा लागला नाही. मी रूमवरून घरी फोन करतो तेव्हा बाजूच्या बिल्डिंगमधले पठाणपण माझ्या बायकोची तब्येत विचारतात. रूमवाले म्हणतात, तू उगाच रिचार्ज मारतोस, खिडकी उघडली तरी गावाला पोचेल.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. ज्याने शेपटी कापली, ज्याच्यामुळे आवाज गेला, तोच आता पुकारा करणार. त्यांच्या तोंडावर काय होतं ते सांगता येत नाही, पण आईने गोठ्यात पाट नेताना असंच तोंड केलं होतं.

पोरीने मला शब्द शिकवले. सुरुवात "तोझाई, तोझाई" अशी. म्हणजे ऐका हो ऐका. पुढचं मी घोकत घोकत शिडी चढलो. वर पोचलो. खाली बघितलं. एवढे लोक. पांढरे झगे, कॅमेरे, आणि आजोबा, दोन्ही हात पोटाशी धरून.

मी ओरडलो, "तोझाईईई! तोझाईईई!"

आणि पुढचं गेलं. सगळंच्या सगळं. डोकं धुतलेल्या टोपासारखं लख्ख.

सोफ्यावरचे एक साहेब खजूर तोंडाशी धरून थांबले. आजोबांनी डोळे मिटले.

आता असं उंचावर उभं राहून, चारचौघांसमोर, मोठ्याने, मोठ्या कामाच्या आधी काय बोलायचं, ते माझ्या तोंडाला एकच माहीत आहे. आमच्या गावाला कशालाही आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा. मला विचारायच्या आत तोंडाने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

पोत्यांमागून आमची गँग ओरडली, "व्हय म्हाराजा!"

त्यांनापण कुणी विचारलं नव्हतं. सवय.

"ह्या जपानच्या म्हाताऱ्यान, आपला घरदार सोडून, हय परमुलखात येवन, ह्यो जो काय बाण केलेलो आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"त्याका कोणाची दिष्ट लागली आसात, कोणाचो पाय लागलो आसात, कोणाची करवत लागली आसात…"

"व्हय म्हाराजा!" ह्यावेळी चाचांचा आवाज सगळ्यात मोठा.

"ती सगळी इडापिडा भायरच्या भायर काढ, आनि बाणाक सरळ वाट दाखव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सोफ्यावरचे दोन-तीन पाहुणेपण ओरडले. त्यांना वाटलं हेच जपानी.

इथे थांबायचं होतं. पण गाऱ्हाण्याला शेपूट असतं. घर सोडून लांब जाणाऱ्याच्या नावाने गाऱ्हाणं घातलं की शेवटचं एक वाक्य घालतातच. मी गल्फला निघालो तेव्हा माझ्यासाठीपण घातलं होतं. ते जिभेला इतकं चिकटलेलं, की ते आपोआप सुटलं:

"आनि आता ह्यो परदेशाक जाता हा, तर जसो जाता हा तसोच सुखरूप परत घेवन ये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

फायरवाले साहेब म्हणाले, "खलास? यल्ला!" म्हणजे झालं ना, चला.

वात पेटली. मी शिडीवरून उतरलो, म्हणजे अर्धी उतरलो, उरलेली पडलो. सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पोत्यांमागे पळा. मी उलट्या बाजूला पळालो. समोर प्लास्टिकचं टॉयलेट दिसलं, आत शिरलो, कडी लावली.

त्यामुळे बाण कसा उडाला ते मी बघितलं नाही. मी फक्त ऐकला. आधी एक लांब श्वास घेतल्यासारखं. मग असा आवाज, की कुणी आभाळाची चेन उघडतंय. टॉयलेट थरथरलं. मग लोक ओरडले. मी मनात म्हटलं, पडला. गेली आजोबांची पाळी. मग ऐकलं, ओरडणं आनंदाचं आहे. चाचांचा आवाज: "सरळ! सरळ गेला रे! छत्र्या सुटल्या बघा!"

मी जाळीला एक डोळा लावला. खरंच, निळ्या आभाळात लाल-पिवळ्या कागदाच्या छत्र्या, हळूहळू खाली. आणि त्यांच्यामागून पॅराशूटला लटकलेली रिकामी नळी आणि शेपटी. ती जायची होती लांब वाळवंटात. तिथे तिच्यासाठी रिकामी जागा ठेवलेली, झेंडे लावून. पण समुद्राकडचा वारा फिरला. शेपटी आभाळात क्षणभर थांबली, काहीतरी विसरल्यासारखी, आणि वळली. पाहुण्यांवरून नाही, गाड्यांवरून नाही. सगळं टाळून, डुलत डुलत, सरळ माझ्याकडे.

मी जाळीपासून मागे झालो. तिथे मागे व्हायला किती जागा असते ते तुम्हाला माहीत आहे.

धप्प. मग घासल्याचा आवाज. बांबू दरवाज्यावर आडवा. दार उघडेना.

बाहेरून चाचा म्हणाले, "बाबू, बाहेर ये. पाहुणा दारात उभा आहे."

"चाचा, कोण?"

"बाण. सुखरूप परत आलाय. पत्ता शोधत आला बिचारा."

बांबू उचलून मला बाहेर काढलं तेव्हा आजोबा तिथे पोचले होते, वाळूतून धापा टाकत. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघ्यावर बसून शेपटीचं टोक चाचपलं. बांधलेला सांधा होता तसाच होता. एक गाठ सैल नाही. मग ते हसायला लागले. आवाज नव्हता, त्यामुळे नुसते हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी. दोघे मित्रपण बाजूला बसून हसायला लागले. बहिरा म्हातारा तर टॉयलेटला पाठ टेकून.

पोरीच्या मोबाइलवर आजोबांच्या गावाहून फोन. त्यांची बायको होती. मागे अख्खं गाव कलकलाट करत होतं. पोरीने ऐकलं आणि नाचायलाच लागली. "बारी बच गई! नेक्स्ट इयर भी ओजीसान का टर्न! गाँव वाले पूछ रहे हैं, वापस कैसे बुलाया?"

आजोबांनी माझ्या दंडाला धरून तिला काहीतरी फुसफुसून सांगितलं.

"ओजीसान पूछ रहे हैं, आपने ऊपर क्या बोला?"

मी सांगितलं. मालवणीतलं हिंदीत, हिंदीतलं तिने जपानीत. शेवटच्या वाक्याला आजोबांनी भुवया वर केल्या. इतकी वर्षं ते बाणाला वर जा म्हणत होते, परत ये असं त्यांच्या गावात कुणी कधी मागितलंच नव्हतं. त्यांनी मला ते सगळं पोरीच्या मोबाइलवर परत बोलायला लावलं, गँगच्या होकारासकट. मग स्वतः बसल्या आवाजात म्हणून बघितलं. "होय माराज्जा." एकदम पक्कं. पुढच्या वर्षी गावात हेच म्हणणार म्हणाले.

मग पोरगी हसायला लागली. "बोल रहे हैं, सब बोलेंगे. सिर्फ वो लास्ट वाला लाइन नहीं."

"का?"

"गाँव में टॉवर के ठीक पीछे इनका घर है. अभी नया छप्पर डाला है."

मी म्हटलं, आजोबा, गाऱ्हाण्याला शेवट पाहिजेच, असं मध्येच तोडता येत नाही. मग चहा घेत आम्ही दोघांनी बसून दुसरा शेवट तयार केला: जाताना सरळ जा म्हाराजा, आणि येताना शेजाऱ्याकडे उतर. आजोबांना तो फारच पसंत पडला. शेजारी म्हणे दुसऱ्या टोळीचा आहे.